पंच्यात वाफवलेला भात

सून घरात येऊन वर्ष झालं, पण तिने एकदाही पुन्हा वाढायला मागितलं नव्हतं. पोळी-भाजी असो की वडाभात, ताटात पडेल तेवढं निमूट खायचं, ताट धुऊन ठेवायचं आणि म्हणायचं, "बस आई." आता आम्ही उमरेडचे, विणकरांच्या घरातले. जेवणाऱ्याने ताटावर आडवा हात धरला तरी त्या हातावरून वाढणारी मी बाई, पण तिच्या 'बस'पुढे माझं काही चालेना. भांडली असती तरी परवडलं असतं. पोरगी आपल्याच घरात पाहुण्यासारखी राहते, हे मला फार टोचत होतं.

ती अरुणाचलची, नागपुरात माझ्या मुलाच्याच ऑफिसात नोकरीला. मुलाला खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे तो बोलला, "आई, तिच्या घरी वाढदिवसाले चिकट भात अन् मोमो करते."

"मंग हे वर्षभर पोटात ठेवून बसला होता काय?"

तिचा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. मी तिथल्या तिथे ठरवलं, हे आपल्या स्वयंपाकघरात होणार, आणि तिला आधी पत्ता लागू द्यायचा नाही. चिकट तांदळाचा एक किलोचा पुडा ऑनलाइन मागवला आणि पिठाच्या डब्यामागे लपवला. झोपेतसुद्धा मी मोमो लाटत होते.

वाढदिवसाच्या सकाळी दोघं ऑफिसला गेले न गेले तोच मी पदर खोचला. माझे बाबा आदल्या दिवशीच उमरेडहून एसटीने आमच्याकडे नागपुरात बेसाला आले होते. उभं आयुष्य त्यांनी हातमाग चालवला. खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून बसले.

"काय करून राहिली वं?"

"भात."

"भातच ना? मंग एवढी काहून नाचून राहिली?"

नाचणं लगेच थांबलं. तांदूळ दिसला की माझा हात आपोआप चालतो. दुप्पट पाणी, चमचाभर तेल, शितं मोकळी व्हावी म्हणून अर्धं लिंबू. चिकट भातात लिंबू पिळणारी त्रिखंडात मीच असेन. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि झाकण उघडलं तर आत नुसता लगदा. त्यात पळी उभी केली, ती तशीच उभी राहिली. अर्धा पुडा गेला आणि मला चक्क रडू आलं.

बाबा उठून आले. लगद्यात बोट घातलं, अंगठ्याशी चोळलं, हळूच दूर केलं. मध्ये तार निघाली.

"हे तं खळ झाली," ते म्हणाले. खळ म्हणजे भाताची पातळ लापशी. मागावर चढवण्याआधी ती सुताला लावतात, म्हणजे सूत तुटत नाही. "फेकू नको. तुह्या सुती साड्या आण."

आणि खरंच, त्या लगद्यात पाणी कालवून बाल्कनीत बसून त्यांनी माझ्या दोन साड्यांना खळ दिली. तेवढ्यात मी मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ शोधला. तांदूळ आधी भिजवायचा, मग फडक्यात बांधून वाफेवर ठेवायचा. हे मी आधी बघायला नको का? उरलेला अर्धा किलो भिजत घातला आणि दुपारी माझ्या नव्या नॅपकिनमध्ये बांधून चाळणीवर ठेवला. अर्ध्या तासाने पाहिलं तर दाणे कच्चेच. बाबांनी दुसरा तसाच नॅपकिन खिडकीच्या उजेडात धरला.

"याच्यातून वाफ कशी जाईन? हे विणलं हाय की थापलं?"

मग त्यांनी पिशवीतून एक कोरा पंचा काढला. त्यांच्या मागावरचा शेवटचा. माग विकला त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि हा पंचा त्यांनी कधी खांद्यावरही टाकला नव्हता.

"बाबा, तो राहू द्या."

"ठेवून काय करू? कसर लागन त्याले."

पंचा धुतला, पिळला, भात त्यात बांधला. पाचव्या मिनिटाला पंच्यातून वाफ वर आली आणि मी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओतली बाई म्हणे वीस मिनिटं. बाबा शीत चोळून पाहत आणि म्हणत, "थांब." तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा शीत अख्खं होतं आणि तरी बोटाला धरून होतं. "आता उतरव," ते म्हणाले.

मोमोत कोंबडीचा खिमा, आलं, कांदा, बस. माझा हात दोनदा सावजी मसाल्याकडे गेला, तेव्हा बाबांनी डबाच उचलून आपल्या खोलीत नेला. गोल चुण्या मला जमेनात. शेवटी करंजीला घालते तशी मुरड घातली आणि मोमो इडलीपात्रात बसवले.

सात वाजता दोघं आले. ताट पाहून ती उभीच राहिली. मग बसली आणि मान खाली घालून खायला लागली. ताट रिकामं झालं. मी डाव उचलला आणि म्हटलं, "घे ना अजून."

"बस आई."

ती ताट घेऊन आत गेली. मी डाव हातात धरून बसले. दिवसभराचा माझा उत्साह एका शब्दात बसला. बाबा माझ्याकडे बघेनात.

बराच वेळ आतून नळाचा आवाज आला नाही, म्हणून मी उठून पाहिलं. ती ओट्याशी उभी होती. पंचा पसरलेला होता, आणि विणीत अडकलेली शितं ती बोटांनी खरवडून तोंडात टाकत होती. मला पाहिलं तरी थांबली नाही.

"आई," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "मोमोत मीठ कमी आहे. आणि अशी किनार कोण करते? मला विचारायचं ना."

वर्षभरात पहिल्यांदा तिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मी डाव खाली ठेवला आणि पंच्याच्या दुसऱ्या टोकाची शितं खरवडायला लागले.