सुटली म्हण

आमच्या लहानपणी शपथेचे नियम पक्के होते. एखाद्याच्या गळ्याची शपथ घेतली आणि मोडली, तर त्याचं काहीतरी वाईट होणार. त्यावर उपाय एकच. ज्याने शपथ घातली त्याने "सुटली" म्हणायचं. म्हटलं की शपथ संपली, कुणाला काही होत नाही. त्यामुळे मोडणारा घालणाऱ्याच्या मागे लागायचा, "सुटली म्हण ना, सुटली म्हण."

मी नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवते. शपथेने कुणाला ताप येत नाही हे मला समजतं. तरी मुलगी तिसरीत गेल्यापासून ती शिकायला पुण्याला जाईपर्यंत, आणि त्यानंतरही, मी हा शब्द जवळजवळ रोज म्हटला.

झालं ते असं. तिच्या शाळेत तंबाखूविरोधी चित्रांची स्पर्धा होती. ती घरी आली ती थेट बाबांकडे गेली, त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणा, सिगरेट सोडली. माझी शप्पथ."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते, मदतीला गेले नाही.

"सोडली," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून आले तेव्हा तोंडात बडीशेप होती. बडीशेप खाणारा माणूस आमच्या घरात एरवी कुणी नाही. मुलगी शेजारच्या खोलीत पाढे म्हणत होती. मी ओट्याकडे तोंड करून हळूच म्हटलं, "सुटली."

नियमाने हे चूकच होतं. शपथ मुलीने घातली होती, सोडवायचा हक्क तिचा. पण बँकेत मुलांच्या खात्यावर पालकाची सही चालते, तसंच हे, अशी मी मनाची समजूत घातली. तेव्हापासून ते रोजचंच झालं. हे दारात आले, वास आला, की "सुटली". एकदा मुलीला टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टरांनी पाण्याचं कारण सांगितलं. मला ते पटलंही. तरीही मधल्या काळात आपण एखादा दिवस विसरलो का, हे मी आठवत बसले.

मध्ये ह्यांनी सोडायचे पुष्कळ प्रयत्न केले. म्हणजे आम्ही करवले. मी रागावले, अबोला धरला, त्यांच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून दाखवला. दर वेळी थोडे दिवस चालायचं आणि मग पुन्हा बडीशेप.

ह्यांचं मूळ घर निफाडजवळ. थोरले दीर तिथे द्राक्षबाग बघतात. आमचं लग्न झालं त्या हंगामात मी पहिल्यांदा बागेत गेले होते. तोडणीच्या आधी द्राक्षाची गोडी मोजतात. दुर्बिणीसारखं छोटं यंत्र असतं, काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. हे यंत्राकडे बघायचेच नाहीत. मणी तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "सतरा." यंत्रात सतराच. दुसऱ्या ओळीतला मणी, "साडेपंधरा." यंत्रात साडेपंधरा. मी नवी नवरी, सगळ्यांसमोर बोलायची सोय नव्हती, पण नवरा आवडायला लागला तो त्या दिवशी. स्थळ बघताना मला त्यांचं शिक्षण सांगितलं होतं, पगार सांगितला होता. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही असेच बागेत उभे होतो. भाऊजींनी घडातला एक मणी ह्यांच्या हातावर ठेवला.

"सांग."

ह्यांनी चावला. बराच वेळ चावला. "अठरा."

भाऊजींनी यंत्रात पाहिलं. पंधरा. दुसरा मणी दिला. हे म्हणाले, "सोळा?" तो निघाला साडेअठरा.

"तोंड हाय का चूल?" भाऊजी म्हणाले. "धूर खाऊन खाऊन जिभेची राख केली. आता तुझ्यापेक्षा पाखरं बरी, गोड असंल तिथंच चोच मारत्यात."

मजूर हसले. हेही हसले. पण परत येताना वाटेत पानटपरी आली तिथे गाडी थांबवली, खाली उतरले आणि पाण्याची बाटली घेऊन परत आले.

घरी आल्यावर मी चहा टाकला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तू रोज म्हणतेस ते आता बंद कर."

"काय म्हणते?"

"सुटली."

माझा हात साखरेच्या डब्यातच राहिला. "तुम्हाला ऐकू यायचं?"

"ओटा दारापासून किती लांब आहे? पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय." मग म्हणाले, "तू म्हणालीस की मला बरं वाटायचं. झालं, मिटलं, आता उद्या बघू. राग नको मानू."

राग कसला मानणार. मी पोरीला वाचवत होते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी रोज संध्याकाळी ह्यांची पाटी पुसून देत होते.

"ती शपथच काढून टाक," हे म्हणाले. "कायमची. पोरीसाठी नको, तुझ्यासाठी नको. मला द्राक्ष कळलं नाही गं. आमच्या बागेतलं."

मला खरं म्हणजे थोडं लागलं. पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून जे झालं नाही ते एका मण्याने होणार होतं. आणि भीतीही वाटली. ती शपथ कितीही मोडकी असली तरी माझ्या हातात तेवढंच होतं. तीही सोडून द्यायची, आणि ह्यांचं पुन्हा सुरू झालं तर? मग मी कशाच्या जोरावर बोलणार?

पण ह्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी पुण्याला फोन लावला. निदान या वेळी तरी नियमाप्रमाणे व्हावं.

"कसली शप्पथ?" मुलगी म्हणाली. "आई, मी कधीच विसरले ती. तू अजून धरून बसलीयेस?"

"तू फक्त सुटली म्हण."

"तू गणिताची टीचर आहेस ना?"

"म्हण."

"सुटली, सुटली, सुटली. बाबांना म्हणावं, मजा करा."

"थँक्यू," हे मागून म्हणाले.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. हे लहानसहान गोष्टींवर चिडायचे, गॅलरीत फेऱ्या मारायचे, लवंग चघळायचे. एकदा मित्राच्या मुलाच्या लग्नात ओढली. घरी येऊन बडीशेप न खाता सरळ सांगितलं. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. मी तो गिळला आणि ताट वाढलं. तेव्हा गप्प बसणं मला जितकं जड गेलं तितकी ती आधीची भांडणंही गेली नव्हती. जेवून झाल्यावर हे म्हणाले, "आज भाजीत मीठ जास्त आहे." खरंच जास्त होतं. असं त्यांनी कित्येक वर्षांत सांगितलं नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा बागेत गेलो. भाऊजींनी मणी पुढे केला. ह्यांनी डोळे मिटले. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

"सतरा," हे म्हणाले.

भाऊजींनी यंत्र डोळ्याला लावलं, खाली घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा. मी सांगितलं तर भावाची बाजू घेतली म्हणाल."

मी उजेडाकडे धरलं. सतराच म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण आकड्याच्या बाबतीत मी कधी कुणाची भीड ठेवलेली नाही.

"साडेसोळा," मी म्हटलं. "अर्ध्याचा फरक आहे."

हे दुसरा मणी तोंडात टाकत हसले. "अर्धाच ना? पुढच्या वर्षी भरून काढू."