घुशीचं यकृत

आमचे हेडमास्तर फार सज्जन माणूस, असं नळदुर्गात आजही सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मला त्या सज्जनपणाची अजून चीड येते.

आमच्या हायस्कुलात दहावीच्या पुढं विज्ञानाचा वर्ग नव्हता. तो द्यायचा की नाही, हे बघायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मुलगे एसटीनं सोलापूर गाठून शिकायचे. मला डॉक्टर व्हायचं होतं, पण अब्बांनी आधीच बजावलं होतं, इथं वर्ग निघाला तर शीक, बाहेरगावी पाठवणार नाही.

शास्त्राच्या सरांनी साहेबांपुढं दाखवायचा प्रयोग माझ्याकडे दिला, कारण चिरफाड म्हटलं की बाकीच्या मुली नाक मुरडायच्या. उंदीर आणि घूस, दोघांचं यकृत, मूत्रपिंड आणि मांडीचं मांस वेगवेगळ्या बशांत मांडायचं आणि त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे कान साफ करायचं औषध, टाकायचं. यकृत भसाभस फेसाळायचं, मूत्रपिंड त्याहून कमी, मांस जेमतेम. फेस काढणारं एन्झाइम एकच, पण कुठं जास्त, कुठं कमी, ते फेसावरून डोळ्यांना दिसायचं. उंदीर असो की घूस, क्रम तोच. घरी करून बघताना मला कोण आनंद व्हायचा!

त्या सकाळी बशा मांडून मी हात धुवायला गेले. साहेब आले. मी औषध टाकलं. एक बुडबुडा नाही. बोट लावून बघितलं तर यकृत घट्ट, करडं. शिजलेलं.

हेडमास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, "कच्चं मांस शाळंत कसं ठेवायचं बाई? मीच उकळतं पाणी घालून शुद्ध केलं."

उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, ते मी एक वेळ समजू शकते. पण विचारायला काय झालं होतं? दुसरी घूस आहे, लगेच कापते, थोडं थांबा, असं मी साहेबांना विनवलं. त्यांनी घड्याळ बघितलं, पोरीची तयारी करून घ्यायला हवी होती असं सरांना सुनावलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. हेडमास्तर शेजारीच उभे होते. पाणी मी घातलं, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही.

वर्ग मिळाला नाही. पुढच्याच वर्षी माझा निकाह झाला. हेडमास्तर मेंदीच्या दिवशीच मोठ्या प्रेमानं आले आणि मांडवात बसून पाहुण्यांना सांगत राहिले, "पोरगी शास्त्रात लई हुशार होती बघा."

मला आत सगळं ऐकू येत होतं. उठून बाहेर जावं आणि चारचौघांत त्यांना जाब विचारावा असं वाटत होतं. पण बायकांनी मला मधे बसवलं होतं, आणि हातांवरची मेंदी अजून ओली होती.