तीन पायांचा बैल

हत्यारांची पेटी देऊन टाकायची, असं मी होळीच्या दुसऱ्या दिवशी ठरवलं आणि त्यातून हा प्रवास घडला. वर्ध्याच्या एका शाळेत तीस वर्षं मी हस्तकला शिकवली. माझी स्वतःची सुरुवात कापडी बाहुल्यांपासून, मग कागदाचा लगदा, मग शाडू, आणि निवृत्तीनंतर मातीचे मोठे चेहरे. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला. नाक सारखं करायला जावं, तर ओठ बिघडायचा. मग मातीच सोडली आणि सगळ्यांना सांगितलं, डोळे थकलेत. खोटं होतं ते. हाताची लाज वाटायची.

चामोर्शीच्या पुढे एका खेड्यात कमलाबाई पितळेचे बैल, मोर, दिवे ओततात, हे एका प्रदर्शनात कळलं होतं. पेटी जाणत्या हातात पडावी, एवढीच इच्छा. धाकटी बहीण कुंदा गाडी घेऊन हजर झाली. तिला कुठेही जायला नुसतं निमित्त पुरतं.

चंद्रपूरला मुक्काम केला आणि सकाळी सहाला निघालो. मार्चमध्ये जाणार असाल तर हीच वेळ धरा. अकरानंतर ऊन गाडीत बसू देत नाही. मूल गावी राईस मिलच्या समोर तर्री-पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट, तर्री मागाल तितकी. तर्रीनं कुंदाच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी तिनं दुसरी प्लेट घेतलीच. वैनगंगा ओलांडल्यावर मोहाचा वास गाडीत शिरला. चामोर्शीत लॉज साधा, पण चादरी स्वच्छ. पिण्याचं पाणी मात्र सोबत ठेवा.

कमलाबाई सत्तरीच्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बरंचसं काम बोटांनीच बघतात. अंगणात बसून मेणाची बारीक तार काढत होत्या. मातीचा गाभा करायचा, त्यावर ही तार गुंडाळून अंग सजवायचं, वरून पुन्हा माती लिंपायची. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या रिकाम्या जागेत पितळ भरतं.

मी पेटी पुढे ठेवली. त्यांनी एकेक हत्यार चाचपून पाहिलं.

"काऊन देऊन राह्यल्या जी?"

"आता माझ्याच्यानं होत नाही," मी म्हटलं आणि हात पुढे केला. कुणाला तरी पहिल्यांदाच दाखवत होते.

त्यांनी हाताकडे लक्षच दिलं नाही. "बसा इथी. एक बैल करा. मंग पेटीचं पाहू."

तयार गाभा मांडीवर घेऊन मी तार गुंडाळू लागले. प्रत्येक ओळ वाकडी. कुंदा म्हणाली, "ताई, तुझ्या बैलाला थंडी वाजतेय." मला हसूही आलं आणि रडूही.

कमलाबाईंनी बैलाच्या चारही पायांना मेणाची एकेक काडी जोडली आणि जाड लिंपायची माती आणायला घरात गेल्या. मूलच्या गिरणीचा कोंडा घालून ती माती मळलेली असते. इकडे मला मागच्या डाव्या पायाची काडी खुपायला लागली. बाकीच्या तीन सरळ, हीच वेडीवाकडी लोंबत होती. वर्गात पोरांना मी हेच सांगत आले: उरलंसुरलं काढा, बोट फिरवा, गुळगुळीत करा. मी काडी खुडली, जागा सारखी केली आणि शेजारच्या घमेल्यातल्या बारीक मातीचा पहिला हातही त्यावर फिरवून टाकला. स्वतःवर खूश होते मी. कमलाबाईंनी येऊन बोलता बोलता वरून जाड माती लिंपली, आणि त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साचा उन्हात वाळत होता, म्हणून मार्कंड्याला गेलो. नदीकाठी काळपट दगडांची देवळं, आणि भिंतींवर इतक्या मूर्ती, की मान दुखते. एका बाईचा हात कोपरापासून तुटलेला होता. "हिनं पेटी कुणाला दिली असेल?" कुंदानं विचारलं. मी पुढच्या भिंतीकडे वळले. दुपारी चामोर्शीत लाखोळीची डाळ आणि भात, शंभरात पोटभर.

तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. पितळ ओतलं, साचा निवला, आणि कमलाबाईंनी तो दगडानं हळूहळू फोडला. शिंगं आली, वशिंड आलं, पाठीवरच्या माझ्या वाकड्या ओळी चकचकत आल्या. मागचा डावा पाय नव्हता.

मी पेटीकडे बोट दाखवलं. "हाताचंच काम हे. म्हणून तर पेटी आणली."

कमलाबाईंनी बैलावरून बोट फिरवलं. "तार तं मस्त आली. पाय कुठी गेला पण? मी काडी लावली होती ना!"

मी कबूल केलं. काडी वाईट दिसत होती, म्हणून काढली.

त्या इतक्या हसल्या, की ठसका लागला. "अवो बाई, मेण जाते त्याच वाटेनं पितळ येते. तुमी त्या पायाची वाटच बुजवली. पाय येईन कसा?"

"पुन्हा ओतता येईल?"

"नाई. साचा फुटला. आता हा असाच."

हातानं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं माझ्या तीस वर्षांच्या टापटिपीनं. असं असूनही मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच अंगणात फतकल मारून बसले.

पेटीतली एक शिसवी पट्टी त्यांनी काढून घेतली. "हे मले द्या. बाकीची न्या घरी. कामाची हायेत तुमच्या." वर मेणाचा एक गोळा दिला. कुंदानं पेटी पुन्हा डिकीत ठेवली.

बैल आता माझ्या खिडकीत उभा आहे, मागे त्या मेणाच्या गोळ्याचा टेकू लावून. पेटीत पट्टीची जागा रिकामी आहे, बाकी हत्यारांना ओली माती लागली आहे. ज्यांना मी डोळे थकलेत म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यासाठी लिहिते: डोळे ठणठणीत आहेत, हात थरथरतो. काल त्याच हातानं कुंदाचा चेहरा करायला घेतला. ती म्हणते, हे नाक माझं नाहीच. तिचंच आहे.