सर्व्हरला वाटतं, माणूस निघून गेला

चहाचा कप कीबोर्डपासून हातभर लांब ठेवायची. कॉन्फिगरेशनची फाइल मोठ्याने वाचायची. फाइलमधली उघडलेली खूण, म्हणजे टॅग, नीट बंद झालेली दिसली की टेबलावर टिचकी मारायची. दार कोपराने लोटायची. रागावली की आवाज चढवायची नाही, खाली आणायची. मग सगळं ऑफिस चिडीचूप.

ऑफिसात तिला लवंगी म्हणत. मी ताई म्हणायचो, ती मला कविराज. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे वेबसाइटवरच्या सूचना लिहितो.

वेबसाइट एका इस्पितळाची. अर्धांगवायूच्या रुग्णांनी तिथे उपचारांसाठी नाव नोंदवायचं. सर्व्हरवर प्रोग्राम सुरू होताना आधी ताईची ती XML फाइल, म्हणजे त्याची नियमावली, वाचतो. कुठला पत्ता कुठे न्यायचा, आत कोणाला सोडायचं, गप्प माणसाची वाट किती पाहायची. वाट पाहायची पाच मिनिटं. आकडा साहेबांचा.

ताईच्या वडिलांना झटका येऊन गेला होता. ते एका बोटाने टाइप करत. रविवारी मी तिच्या घरी होतो.

"बाबा, मी भरून देते ना."

"का? मी मेलोय का? आजार माझा, मीच सांगणार."

त्यांनी सगळी हकिगत लिहिली, बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'आपली वेळ संपली आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा.' लिहिलेलं सगळं गेलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग त्यांनी हात मांडीखाली दडवला. "राहू दे. मला नाही जायचं कुठे."

ताईचा आवाज खाली आला. "ते 'कृपया' तुझंच ना, कविराज? छान. गळा दाबायचा, वर कृपया."

सोमवारी तिने फाइलमध्ये पाचाचे तीस केले. दुपारी साहेबांनी परत पाच केले.

"सुरक्षितता, बाई. कोणी मशीन उघडं टाकून उठून गेलं तर?"

"उठता येत असतं तर ते आपल्याकडे कशाला आले असते, साहेब? ते लिहीत असतात. पान पाठवेपर्यंत सर्व्हरला वाटतं, माणूस निघून गेला."

"वडिलांसाठी नियम वाकवायचे?"

"इथे येणारे सगळे माझे वडीलच आहेत."

"इस्पितळाला मी पाच सांगितलंय. आता विषय बंद."

ती जागेवर आली. घरी फोन लावला. "बाबा, संध्याकाळी परत भरा. या वेळी जाईल. माझ्यावर सोडा." फाइल उघडली. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं.

ती परत आली नाही. पर्स शिपायाने खाली नेऊन दिली. मी जिन्यापर्यंत धावलो. आमच्यातलं दुसरं कोणी खुर्चीतून हललं नाही. कामावरून काढलेल्याला जागेवर परत येऊ द्यायचं नाही, असा नियम म्हणे. असल्या नियमाला आग लागो.

तिचा पडदा अजून चालू होता. एक खूण उघडलेली, एक बंद केलेली. मधला पाच तिने पुसला होता. तीस लिहायचे राहिले होते.