ती पाळी नव्हती

“ती पाळी नव्हतीच,” सोनोग्राफी करता करता डॉक्टरबाई म्हणाल्या. “गर्भ राहिलाय. तोही पिशवीत नाही, नळीत. नळी फुटलीय, लगेच ऑपरेशन करावं लागेल.”

याला एक्टोपिक प्रेग्नन्सी म्हणतात. गर्भ भलत्याच जागी रुजतो. माझ्या पोटात रक्त साचत होतं आणि मी महिनाभर स्वतःला सुटलेली समजत होते.

लेक तान्ही, सिझेरियनची जखम ताजी. त्यात निरोध फाटला. नवऱ्याने ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पार पनवेल स्टेशनकडच्या मेडिकलमधून इमर्जन्सी पिल आणली. दिवसभर मळमळलं, डोकं दुखलं. तेवढं होतंच.

पुढे गौरी आल्या. लग्नानंतरचा माझा पहिला ओवसा, गौरीपुढे ठेवायची सुपं सजवून तयार. आणि त्याच सकाळी डाग दिसला. आमच्यात अशा वेळी बाहेर बसतात, कुणाला शिवत नाहीत. सासूबाई हळहळल्या, “आता काय करनार! आपला इलाज नाय.” मी तोंड पाडून बसले, पण गोळी लागू पडली म्हणून मनातून हरखले होते. अख्ख्या घराने पाळी धरली, मग मला कसली शंका येणार? रक्त जेमतेम होतं, तेही मी मनावर घेतलं नाही.

नंतर पुन्हा डाग दिसला. पुन्हा बाहेर बसले. ओटीपोटात उजवीकडे अशी कळ आली की उठताना कोसळलेच. सासूबाई धावत आल्या. “शिवू नका,” मी सवयीने म्हटलं.

“गप र्‍हा! आदी जगतेस का ते बगू,” म्हणत त्यांनी मला उचललं. रिक्षात माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

एक नळी काढली. मी वाचले.

डॉक्टरबाईंनी मग नीट समजावलं, “हे गोळीमुळे झालं नाही. गोळी कधी कधी चुकते, आणि असा गर्भ क्वचितच राहतो. पण गोळीनंतरच्या थोड्या रक्ताला, स्पॉटिंगला, पाळी समजायचं नाही. तीन आठवड्यांनी युरिन टेस्ट करायचीच. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर विचारायला यायचं. आणि पोटात कळ आली, चक्कर आली, तर घरी थांबायचं नाही.”

बायांनो, वेळ आली तर गोळी जरूर घ्या. मीही घेईन. फक्त पुढचं विसरू नका.

माझी भीती काही गेली नाही. पाळी आली की अजून टेस्ट करते. एकच रेघ दिसते, तरी उजव्या कुशीवरचा हात निघत नाही.

सासूबाई आता मला बाहेर बसू देत नाहीत. देव आहे तिथेच आहे, रिवाज मात्र त्यांनीच मोडला. म्हणतात, “आत ये. माझ्या डोल्यांसमोर बस.”