याला दुसरं नाही

हातात येईल ते उजेडासमोर धरून पाहायचं, ही भाऊंची सवय. नोट काय, सगळेच धरतात. भाऊ भाकरी धरत, डॉक्टरांची चिठ्ठी धरत, लग्नपत्रिका धरत. वहिनींनी वाढलेला पापडसुद्धा आधी ट्यूबलाइटसमोर जायचा आणि मग तोंडात. झाडाचं पान असेल तर मात्र ते बराच वेळ खाली येत नसे. देठाला धरून हळूहळू फिरवत आणि शेवटी म्हणत, "पाहा न बाई. याला दुसरं नाही."

मी बाई, कारण मी शाळेत शिकवते. ते भाऊ, कारण अकोल्याकडचा, केस पिकलेला प्रत्येक माणूस भाऊच असतो. असा एखादा भाऊ तुमच्याही जिन्यात असेल. सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत त्यांचं घर बरोबर माझ्या डोक्यावर. त्यांच्या घरघंटीची घरघर माझ्या छतातून ऐकू यायची, आणि त्या घरघंटीखालीच त्यांची पानं दाबलेली असायची. जुन्या वर्तमानपत्रात पानं, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर घरघंटी. दळण सुरू झालं की सगळं सरकायचं. म्हणून पानं वाळेपर्यंत दळायचं नाही, असा त्या घरचा कायदा. वहिनी कायदा पाळत, पण गप्प राहून नव्हे. "लोकाची घंटी पीठ काढते, आमची पाला काढते."

बरं, पानं तरी कसली? खाडीच्या काठचं गाजरगवत, रुळाकडची घाणेरी, कुणीतरी उपटून फेकलेला टाकळा. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर भाऊ ती खळीनं चिकटवत. गाजरगवताचा धूर सोडणारी गिरणी, एकदांडीचे विजेचे खांब, रुईच्या पानांचे उंच टॉवर आणि त्यांच्या पायाशी लाजाळूच्या पानांची आमची सोसायटी. मोठ्या शहरातल्या प्रदर्शनांत अशा चित्रांना कोलाज म्हणतात आणि लोक हात मागे बांधून ती पाहतात. आमच्याकडे त्यांना 'भाऊंचा पाला' म्हणत.

आता गंमत ऐका. हाच माणूस दिवसा एका साडी छापखान्यात डिझाईनच्या टेबलावर बसायचा. काम काय, तर एक फूल घ्यायचं आणि ते साडीभर असं पसरवायचं, की ते कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं हे कुणाला कळू नये. याला रिपीट म्हणतात. ते फूलही बहुधा दुसऱ्याच्या साडीवरून उचललेलं. सुरतेत याला चोरी म्हणत नाहीत, सीझन म्हणतात.

"घरी म्हणता याला दुसरं नाही. मग दिवसभर काय करता?" मी एकदा विचारलं.

"दिवसभर दुसरंच तर करतो," भाऊ म्हणाले.

एक चित्र मात्र त्यांच्या जिवाचं होतं. सोसायटीतल्या जंगली बदामाचं, लाल पडलेलं एकच मोठं पान. त्याच्या मधोमध किड्यानं पाडलेलं भोक, आणि त्याला लागून दुसरं, लहान. भाऊंनी दाखवल्यावर मला दिसलं, की कडेवर मूल घेऊन बाई उभी आहे. श्रेय ते स्वतःकडे घेत नसत. "किड्यानं काढलं. मी फक्त वाळवलं." मग म्हणाले, "आमची माय वावरात अशीच उभी राहे. तिचा फोटो नाही न घरात."

आम्ही फार आग्रह केला म्हणून ते चित्र गणपतीत मंडपात लागलं. चांगली गर्दी झाली. येणारा प्रत्येक जण मोबाईल काढून फोटो घेत होता आणि भाऊ नवरदेवाच्या बापासारखे बाजूला उभे होते. इतकी वर्षं सुरतेत काढूनही त्यांच्या लक्षात आलं नाही, की इथं फोटो म्हणजे कौतुक नसतं, ऑर्डर असते.

दिवाळीच्या तोंडावर वहिनी बाजारातून साडी घेऊन आल्या. मी त्यांच्याकडे चकल्या पाडायला गेले होते. "पाहा बाई, कशी नाजूक डिझाईन आहे. पानाले भोकं आहेत, तरी किती शोभते."

भाऊंनी पदर उचलून ट्यूबलाइटसमोर धरला. वीतभर अंतरावर लाल पान, पुन्हा वीतभर अंतरावर लाल पान. प्रत्येकात तेच मोठं भोक, तेच लहान.

"हे माझं पान आहे," भाऊ म्हणाले.

"तुमचं काहून? साडी मी आणली."

तेच पान वहिनींच्या समोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. पण भिंतीवरचं कोण पाहतं? अंगावरचं पाहतात.

मी मात्र तापले. जाऊन भांडा, मी म्हणाले, त्या छापणाऱ्याला शोधून काढा. भाऊंनी पदराची नीट घडी घातली. "कोणत्या तोंडानं जाऊ, बाई? मी ज्याची ज्याची फुलं उचलली, तो आला काय माझ्या दारात?" आणि मग हळू आवाजात, "आपल्या मायचं रिपीट होईल, असं वाटलं नव्हतं फक्त."

दैवाला एवढ्यावर समाधान नव्हतं. दिवाळीनंतर शेठनं तीच साडी आणून भाऊंच्या टेबलावर टाकली. "भाई, आवुंज बनावो, थोडुं चेंज करीने." आणि भोकावर बोट ठेवून म्हणाला, "आ काणुं काढी नाखो. माल डेमेज लागे छे." म्हणजे स्वतःच्याच पानाची नक्कल करायची, आणि तीही भोक बुजवून. ही हकिगत भाऊंनी मला जिन्यात हसत हसत सांगितली. मीही हसले. अर्ध्या जिन्यात माझं हसू थांबलं.

"मग काय केलंत?"

"बुजवलं. शेठचा पगार खातो न."

साडी धडाक्यात खपली. शेठनं खूश होऊन पेढ्यांचा डबा आणि दोन साड्या दिल्या. एक वहिनींनी ठेवली, एक मला दिली. पानं सगळी धडधाकट, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी रांगेत. मला काही ती नेसाविशी वाटली नाही. मी ती कपाटात टाकली.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीवरच्या चित्राला कसर लागली आणि पानाचा भुगा झाला. मी हळहळले. भाऊ रिकामा पुठ्ठा उजेडासमोर धरून म्हणाले, "किड्यानं काढलं, किड्यानंच नेलं." एवढं बोलून ते कामावर गेले.

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊही गेले, टेबलावर बसल्या बसल्या. शेठनं अर्धा दिवस छापखाना बंद ठेवला, यावरून माणूस किती मोठा होता ते समजा. घरघंटीखाली शेवटची पानं तशीच आहेत. वहिनी अजून दळण बाहेरून आणतात.

मग एका रविवारी मी ती साडी फॉल लावायला काढली. ब्लाउजपीस कापला, साडी उलगडली. जे टोक आपण नेसताना सगळ्यात आधी कमरेला खोसतो आणि जे मग दिवसभर कुणालाच दिसत नाही, त्या टोकाच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल पान होतं. मधोमध मोठं भोक, त्याला लागून लहान. मी पलंगभर साडी पसरली आणि पदरापर्यंत एकेक पान पाहिलं. बाकी सगळी पानं धड होती. हे एकच.

तशीच वर गेले. वहिनींनी त्यांची साडी काढली. तिच्याही त्याच कोपऱ्यात तेच पान. म्हणजे बाजारात गेलेल्या त्या साऱ्या साड्यांत, कुणाकुणाच्या कमरेला, हे पान होतं. शेठला पत्ता नव्हता आणि नेसणारीलाही नव्हता. मला फार भरून आलं आणि मी सरळ रडले.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी ते टोक ट्यूबलाइटसमोर धरलं आणि बराच वेळ खाली आणलं नाही.

"दोनदा नेसली न बाई मी ही," त्या म्हणाल्या. "दोन्ही खेपेला सासूले पोटाशी खोसलं, अन् मले माहीतच नाही."