ज्वारीच्या दाण्याएवढा चेहरा

स्कॅनर घेतला तेव्हा द्वारका चौकाजवळच्या दुकानदारानं बजावलं होतं, "जुने फोटो आहेत, निदान सहाशे डीपीआयवर करा. ठिपके जितके जास्त, तितका फोटो नंतर मोठा करता येतो." पण सहाशेवर एकेका फोटोला पाच-पाच मिनिटं लागायची, वर कॉम्प्युटर अडून बसायचा. मला कुठला धीर! मी लावला पंच्याहत्तरवर. पडद्यावर फोटो झकास दिसत होते. सगळे अल्बम एका रविवारात उरकले आणि वर मीच ऐटीत.

त्यात ताईचा एकुलता एक फोटो होता. ताई माझ्या जन्माआधीच, चार वर्षांची असताना तापानं गेली. लासलगावला मावशीच्या लग्नात पंचवीस-तीस जणांच्या घोळक्यात ती आईचा पदर धरून उभी होती. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा.

अल्बमांना कसर लागली होती. "टाकून दे आता, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे," मी म्हणालो.

आई उसळली. "माणसांचे फोटो कचऱ्यात टाकतात का रे?"

देवांच्या जुन्या तसबिरी विसर्जित करतात, तसे तिनं ते अल्बम धुतलेल्या फडक्यात बांधले. स्कूटरवरून मीच तिला गोदेवर नेलं. पायरीवर तिनं दोनदा विचारलं, "ताई नीट आलीय ना रे त्यात?"

"आलीय गं आई, किती वेळा सांगू? सोड आता," मी खेकसलो. तिनं हात जोडले आणि गाठोडं पाण्यात सोडलं.

काही वर्षांनी ती म्हणाली, "ताईचा तेवढा चेहरा मोठा करून दे, भिंतीवर लावू." मी मोठा केला. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते राखाडी चौकोन. तरी छापून आणला, म्हटलं कागदावर जरा बरा दिसेल. कसला दिसतोय!

आईनं चष्मा पुसला. फोटो खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाली, "माझेच डोळे गेले रे. मोतीबिंदू काढायला हवा."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. "हो, जाऊ डॉक्टरांकडे," एवढंच बाहेर पडलं. त्याची आजही लाज वाटते.

ऑपरेशन छान झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिनं बरोबर सांगितली. समोरच्या कॅलेंडरातल्या बारीक तिथीसुद्धा वाचल्या. मग हसून माझ्याकडे हात पुढे केला.

"आण रे, आता ताई दाखव."